घरच्या गाडीला मोठी मॅगव्हील आणि खाली घेतलेलं सस्पेन्शन : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमच्या घरी एकच गाडी आहे, तिसऱ्या पिढीची स्विफ्ट, व्हीएक्सआय. आईला दवाखान्यात नेते ती हीच, आणि गणपतीत पाच माणसं नि डिकीभर सामान घेऊन गगनबावड्यावरून कोकणात उतरते तीही हीच. ही गाडी मी १४ इंची लोखंडी रिमवरून १६ इंची मॅगव्हीलवर, म्हणजे मिश्रधातूच्या रिमवर, आणली आणि तीस मिलिमीटर खाली घेतली. आज ती वळणावर अंग टाकत नाही, हायवेला स्थिर चालते, आणि पार्किंगमध्ये लावून चार पावलं गेलो की मी अजून मागे वळून बघतो. पण इथवर यायला एक टायर फुटला, सतरा इंची रिमचा एक पूर्ण सेट निम्म्या किमतीत विकावा लागला आणि बाबांचं बोलणं ऐकावं लागलं. तुमचं तेवढं नुकसान होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्या लेखभर एक गोष्ट धरून ठेवा. शोची गाडी रिकामी उभी असते, घरची गाडी भरून चालते. त्यामुळे प्रत्येक निर्णय गाडीत पाच माणसं बसवून, तुमच्या रोजच्या रस्त्यातल्या सगळ्यात वाईट जागेवर तपासायचा. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कशी दिसते यावर काहीही विकत घ्यायचं नाही.

पहिली पायरी : पाना हातात घेण्याआधी टेप घ्या

सपाट जागा शोधा, चारही चाकांत कंपनीने सांगितलेली हवा भरा. आता चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायर बदलला की तो आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून घेतलेलं माप मात्र फक्त सस्पेन्शनची उंची सांगतं. चारही कोपऱ्यांची मापं वहीत लिहा. मग घरातली माणसं बसवा, डिकीत सामान टाका आणि पुन्हा मोजा. आमच्या गाडीत भरल्यावर मागची बाजू ५५ आणि पुढची २० मिलिमीटर बसली. हा फरक बघितल्याशिवाय "किती खाली घेऊ?" या प्रश्नाला उत्तरच नाही.

दुसरी गोष्ट स्वस्तातली आणि फार उपयोगाची. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर, धूळरोधक टोपी थोडी वर सरकवून, एक बारीक केबल टाय आवळा आणि तो खाली सरकवून शॉकअपच्या नळीला टेकवून ठेवा. गाडी भरून तुमच्या नेहमीच्या रस्त्याने तासभर फिरवून आणा. शॉकअप दबला की टाय दांड्यावर वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. वरच्या रबरी ठोकळ्यापर्यंत, म्हणजे बंप स्टॉपपर्यंत, अजून किती जागा उरली ते आता डोळ्यांना दिसतं. वीसच मिलिमीटर उरले असतील तर चाळीस मिलिमीटर खाली घेतलेली गाडी प्रत्येक खड्ड्यात रबरावर आपटणार, हे स्प्रिंग विकत घेण्याआधीच कळलं.

दुसरी पायरी : आधी टायर ठरवा, रिम नंतर

बहुतेक जण दुकानात भिंतीला टांगलेली रिमं बघून मोहात पडतात, आणि मग त्यावर जे बसेल ते टायर घालतात. मीही तेच केलं होतं. क्रम उलटा हवा. खड्डा टायर झेलतो, रिम झेलत नाही.

टायरवर १८५/६५ आर१५ असं लिहिलेलं असतं. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. बाहेरचा पूर्ण व्यास काढायचा तर भिंतीची उंची दुप्पट करायची आणि रिमचे इंच गुणिले २५.४ त्यात मिळवायचे.

स्विफ्टच्या उदाहरणाने बघू. खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर१४ येतो, त्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर. वरच्या व्हेरियंटचा १८५/६५ आर१५ भरतो ६२१.५. बलेनोच्या वरच्या व्हेरियंटला येणारा १९५/५५ आर१६ भरतो ६२०.९. आणि हौशी लोक लावतात तो २०५/४५ आर१७ भरतो ६१६.३. चारही व्यास जवळजवळ सारखेच आहेत, आणि तसेच असायला हवेत. मूळ व्यासापासून एक-दोन टक्क्यांच्या पुढे गेलात तर स्पीडोमीटर आणि किलोमीटरची नोंद चुकते, गिअरचा हिशेब बदलतो आणि टायर आतल्या प्लास्टिकला घासायला लागतो.

व्यास तोच राहिला तर मग बदललं काय? रबराची भिंत. १४ इंचीला ती १३२ मिलिमीटर होती, १५ ला १२०, १६ ला १०७ आणि १७ ला ९२. चौदावरून सतरावर गेलात तर खड्डा आणि रिमची कड यांच्यातली चाळीस मिलिमीटर गादी तुम्ही काढून टाकली. माझ्या गाडीवर सतरा इंची होती तेव्हा पावसाळ्यात, पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचं डावं चाक गेलं. आवाज असा झाला की मागच्या सीटवर झोपलेली मुलगी दचकून उठली. खाली उतरून बघितलं तर टायरच्या बाहेरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा. फुगा येतो म्हणजे आतले धागे तुटलेले असतात. पंक्चरवाला तो नीट करू शकत नाही, कोणीच करू शकत नाही. मी मात्र "घरापर्यंत जाऊ" म्हणून तसाच निघालो आणि सहा-सात किलोमीटरवर तो फुटला. वेग कमी होता म्हणून निभावलं. फुगा दिसला की जागच्या जागी स्टेपनी लावायची, यात दुसरा विचार करू नका.

आकारानंतर भाराचा अंक बघा. आकाराच्या पुढे ८८एच असं काहीतरी छापलेलं असतं. अंक म्हणजे एका टायरने उचलायचं वजन, अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा. ८८ म्हणजे ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८५ म्हणजे ५१५, ८४ म्हणजे ५००. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, टी म्हणजे १९०. वरच्या चार आकारांत १६५/८० आर१४ सहसा ८५ चा येतो, १८५/६५ आर१५ हा ८८ चा, १९५/५५ आर१६ हा ८७ चा आणि साधा २०५/४५ आर१७ हा ८४ चा. म्हणजे दिसायला रुंद आणि दणकट असलेला सतरा इंची टायर मूळ चौदा इंचीपेक्षाही कमी वजन उचलतो! सतराच घ्यायचा असेल तर जादा भाराचा, ८८ एक्सएल, असा शोधावा लागतो. भाराचा अंक कंपनीच्या टायरपेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही. अक्षराचंही तसंच.

माझं मत स्पष्ट आहे. घरच्या गाडीला कंपनीने त्याच मॉडेलच्या सगळ्यात वरच्या व्हेरियंटला दिलेला आकार घ्या, फार तर त्याच्या पुढे एक इंच. चौदावाल्या स्विफ्टला पंधरा निर्धास्त, सोळा ही शेवटची हद्द.

टायर घेताना भिंतीवर चार आकड्यांचा कोड असतो तोही वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर नवा दिसतो, पण त्याचं रबर कडक झालेलं असतं.

तिसरी पायरी : रिमचे आकडे

रिमचा रंग आणि डिझाइन तुमच्या आवडीचं. आकडे मात्र गाडीच्या आवडीचे असायला हवेत.

पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्ट, बलेनो, आय२०, सिटी या ४ × १०० च्या गाड्या, पोलो ५ × १०० ची. जुन्या फियाट ४ × ९८ च्या. दोन मिलिमीटरचा फरक आहे, नट थोडे ओढून बसवले की बसतात असं सांगणारे भेटतील. तसं बसवलेलं चाक तिरकं बसतं आणि नट सैल होत राहतात. अजिबात घेऊ नका. आठ भोकांची रिमंही मिळतात, दोन पीसीडींसाठी एकच रिम म्हणून. ती चालतात, पण माझी पसंती चार भोकांनाच.

मधलं भोक. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा, व्यास ५४.१ मिलिमीटर आहे, सिटीचा ५६.१. बाहेरची रिमं अनेक गाड्यांना बसावीत म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१. मधल्या फटीत नेमक्या मापाची कडी बसवावी लागते, तिला हब रिंग म्हणतात. ती नसेल तर चाक फक्त नटांवर तोललेलं राहतं आणि ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. लोक मग चार-चार वेळा बॅलन्सिंग करून घेतात आणि दोष हाती लागत नाही. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा : "हब रिंग देता ना?"

ऑफसेट आणि रुंदी हे दोन आकडे नेहमी एकत्र वाचायचे. ऑफसेट, म्हणजे रिमवर ईटीपुढे असतो तो आकडा, हे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर. समजा जुनं रिम ६ जे, म्हणजे ६ इंच रुंद, ऑफसेट ४५, आणि नवं ७ जे, ऑफसेट ३८. रुंदी एक इंचाने, म्हणजे दोन्ही बाजूंनी १२.७ मिलिमीटरने वाढली. ऑफसेट ७ ने कमी झाला, म्हणजे सगळं रिम ७ मिलिमीटर बाहेर सरकलं. हिशेब केला तर बाहेरची कड जवळजवळ २० मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड शॉकअपच्या दिशेने साधारण ६ मिलिमीटर आत गेली. आता तुमच्या गाडीत टायर नि मडगार्ड यांच्यात, आणि टायर नि शॉकअप यांच्यात किती जागा आहे ती बोटांनी नव्हे, पट्टीने मोजा. १९५/५५ आर१६ टायरला ६ जे रिम नेमकं बसतं, ते असताना ७ जे घेण्याचं काही कारण नाही. आणि चुकीच्या ऑफसेटवर स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती, लावून मार्ग काढू नका.

नट. मारुतीला १२ मिलिमीटरचे, १.२५ च्या आट्यांचे नट लागतात. होंडा-टोयोटाला जाडी तीच, पण आटे १.५ चे. नटाचा टेकणारा भाग शंकूसारखा आहे की गोलसर, तेही रिमशी जुळलं पाहिजे. बाहेरच्या बहुतेक रिमांना शंकूचा लागतो, होंडाचे मूळ नट गोलसर असतात. जुने नट नव्या रिमला तसेच लावणं ही फार साधी दिसणारी आणि फार घातक चूक आहे. नट हाताने किमान सहा-सात फेरे गेला पाहिजे.

रिम आतल्या बाजूने उलटं करून बघा. तिथे कमाल भार किलोमध्ये कोरलेला असतो, आणि चांगल्या रिमवर जेडब्ल्यूएल किंवा त्याच्या जोडीला व्हीआयए अशी जपानी मानकांची खूण दिसते. भार लिहिलेलाच नसेल तर ते रिम घेऊ नका. सेकंडहँड घेत असाल तर बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवून घ्या, वाकलेलं असेल तर नाचताना दिसतं. वेल्डिंग केलेलं रिम कितीही स्वस्त असलं तरी घरच्या गाडीला लावायचं नाही. आणि वजनकाट्यावर ठेवून वजन बघा. नवं चाक टायरसकट जुन्यापेक्षा दोन-तीन किलोने जड भरलं तर गाडी उचल घ्यायला आळस करेल आणि खडबडीत रस्त्यावर चाक जास्त आपटेल.

मध्येच : कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच कलम कडकपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्यामुळे काम करण्याआधी तुमच्या आरटीओत जाऊन विचारा. वरच्या व्हेरियंटचा आकार घ्या असं मी म्हणतो त्याचं एक कारण हेही आहे. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावता कामा नये. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा, कारण अपघातानंतर सर्व्हेअर पहिल्यांदा चाकांकडेच बघतो. गाडी वॉरंटीत असेल तर ती संपेपर्यंत सस्पेन्शनला हात लावू नका.

चौथी पायरी : चाकं बसवण्याचा दिवस

चाकं आणि स्प्रिंगा एकाच दिवशी बदलू नका. काही घासलं किंवा आवाज आला तर दोष कशाचा ते कळत नाही. आधी चाकं, मग महिनाभर गाडी चालवा, मग सस्पेन्शन.

जुनं चाक काढल्यावर हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा. कोल्हापूरकडच्या पावसात तिथे गंजाचा पापुद्रा धरतोच, आणि तो तसाच ठेवला तर नवं रिम त्या पापुद्र्यावर बसतं. हब रिंग आधी हबवर बसवा, मग चाक. चारही नट हाताने लावा, मग समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. शेवटची आवळ टॉर्क पान्याने, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर. लहान गाड्यांना तो १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या पुस्तिकेतला आकडाच खरा. हवेच्या गनने करकचून आवळू देऊ नका. मॅगव्हीलचं धातू लोखंडापेक्षा मऊ असतं, भोकाची बैठक खराब होते आणि रस्त्यात पंक्चर झालं तर तुमच्या पान्याने नट सुटत नाही. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.

घासतंय का ते बघायची माझी रीत सांगतो. चाकाच्या वरच्या प्लास्टिक लायनरला आणि मडगार्डच्या आतल्या कडेला पांढरा खडू जाडसर फासा. पाच माणसं बसवा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून पुढे आणि मागे, दोन्हीकडे चालवा. मग एका बाजूचं चाक फुटपाथच्या उतारावर चढवून तेच करा. जिथला खडू पुसला तिथे टायर लागतोय. रिव्हर्समध्ये पूर्ण वळवून बघायला विसरू नका.

पाचवी पायरी : किती खाली, आणि कशाने

स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यातलं अंतर, कंपनी १६३ मिलिमीटर सांगते. तीस खाली घेतली की १३३. भरल्यावर मधोमध आणखी चाळीसेक बसते असं धरा, म्हणजे उरले नव्वद-पंच्याण्णव. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २.४५ मीटर. अशा गतिरोधकावर गाडी मधोमध उभी असेल तर दोन चाकांमधला उंचवटा साडेचार सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, म्हणजे खाली घेतलेली गाडीही आरामात निघून जाते. पण आपल्या गल्लीत, गावच्या वेशीवर जो उभट, फूट-दीड फूट रुंदीचा गतिरोधक असतो तो सगळाच्या सगळा दोन चाकांच्या मध्ये येतो आणि गाडीचं पोट घासतं. म्हणून हायवे बघून ठरवू नका. तुमच्या घराच्या दोन किलोमीटरच्या आतल्या गतिरोधकांची उंची मोजून या. मी खरंच टेप घेऊन गेलो होतो, आणि तीसच्या पुढे न जाण्याचं त्यानंतर ठरलं. रोज गावाकडच्या कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याने वीसच्या पुढे जाऊ नये, किंवा फक्त शॉकअप चांगले घालून उंची तशीच ठेवावी. तेवढ्यानेही गाडी खूप सुधारते.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. स्प्रिंग कापू नका.

आमच्याकडे एका गॅरेजमध्ये माझ्या आतेभावाच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा ग्राइंडरने कापून दिला. अर्ध्या तासाचं काम, पैसे नाममात्र. गाडी खाली बसली, दिसायला छान दिसली. दोन महिन्यांनी आंबा घाटाच्या अलीकडे पंक्चर झालं. जॅकवर घेतली तर मागची स्प्रिंग वरच्या बशीतून सुटून तिरकी झालेली. मागचं चाक हवेत लोंबकळलं की स्प्रिंग पूर्ण मोकळी होते. कापलेल्या स्प्रिंगची लांबी तेव्हा पुरत नाही आणि ती जागा सोडते. घाटात एखाद्या उंचवट्यावरून चाक उचललं गेलं असतं तर हेच चालत्या गाडीत झालं असतं. शिवाय स्प्रिंगचं टोक बशीत बसण्यासाठी वळवलेलं असतं, कापल्यावर ते टोकच जातं. आणि कडकपणाही वाढतो. सहा कामाच्या वेढ्यांतला एक काढला की स्प्रिंग वीस टक्क्यांनी कडक होते, पण शॉकअप जुन्याच स्प्रिंगच्या हिशेबाचा राहतो. गॅस कटरने तापवून स्प्रिंग बसवणारेही आहेत. त्यात पोलादाचं पाणीच उतरतं, ती स्प्रिंग नंतर बसत जाते किंवा तुटते.

घ्यायची ती लोअरिंग स्प्रिंग, आणि नेमकी तुमच्या मॉडेलची, पिढीची आणि इंजिनाची. डिझेल इंजिन जड, म्हणून डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात. आयबाख, एच अँड आर, तेइन ही या कामातली जुनी नावं आहेत. भाग क्रमांक कंपनीच्या यादीशी स्वतः जुळवून बघा, दुकानदाराच्या "बसेल हो" वर जाऊ नका. गाडी पन्नास-साठ हजार किलोमीटर चालली असेल तर शॉकअपही नवे घाला. कडक स्प्रिंगची उसळी थकलेला शॉकअप आवरू शकत नाही, गाडी खड्ड्यानंतर दोन-तीन वेळा डुलत राहते आणि मागच्या सीटवरच्या माणसाला मळमळतं. कॉइलओव्हरमध्ये, म्हणजे आटे असलेल्या शॉकअप-स्प्रिंगच्या जोडीत, उंची फिरवून कमी-जास्त करता येते, पण त्याचे आटे आपल्या पावसाच्या चिखलात गंजतात, सारखी सफाई लागते, आणि नवख्या माणसाला उंची अजून थोडी, अजून थोडी कमी करायचा मोह होतो. पहिल्या खेपेला स्प्रिंग आणि जोडीचे शॉकअप, एवढंच.

सहावी पायरी : बसवणं

हे काम घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जबडा मोडण्याइतकी ताकद असते. पण गॅरेजमध्ये उभे राहा आणि बघा. पुढच्या स्प्रिंगला ती दाबून धरणारा कंप्रेसर दोन्ही बाजूंनी सारखा लावलाय का? तार किंवा दोरी बांधून वरचा नट सोडणारा मेकॅनिक असेल तर गाडी तिथून परत आणा. ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर आधी सोडवून ठेवली पाहिजे, ताणली जाता कामा नये. शॉकअपच्या वरचं रबरी माउंट आणि त्याचं बेअरिंग उघडलेलंच आहे तर तेव्हाच बदलून घ्या. स्प्रिंगचं टोक बशीतल्या पायरीला टेकलेलं दिसलं पाहिजे. बंप स्टॉप काढून टाकायचा नाही. किटमध्ये आखूड दिला असेल तो घालायचा, किंवा किटच्या कागदावर सांगितलं असेल तेवढाच कापायचा.

मागे काम सोपं आहे. आडव्या बीमखाली जॅक, शॉकअपचे खालचे बोल्ट सोडायचे, बीम हळू खाली घ्यायचा, स्प्रिंग हाताने निघते. इथे एक बारकावा आहे जो चांगले मेकॅनिकही घाईत विसरतात. शॉकअपच्या खालच्या डोळ्यात रबरी बुश असतो. गाडी वर लटकलेली असताना तो बोल्ट आवळला तर बुश त्याच स्थितीत घट्ट होतो, आणि गाडी खाली आली की कायम पिळलेला राहतो. तो लवकर फाटतो आणि करकर सुरू होते. बोल्ट आधी सैल लावायचा, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मगच शेवटचा आवळायचा. मी हे सांगितलं तेव्हा मेकॅनिकमामा हसले नाहीत, उलट मुलाला हाक मारून त्यालाही दाखवलं.

काम झाल्यावर पहिल्या पायरीतल्या वहीशी नवी मापं ताडून बघा. डाव्या-उजव्या बाजूत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर बहुधा एखादी स्प्रिंग बशीत नीट बसलेली नाही.

सातवी पायरी : अलाइनमेंट आणि विसरल्या जाणाऱ्या गोष्टी

गाडी खाली आली की पुढच्या चाकांचा वरचा भाग आत झुकतो आणि टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, बदलतो. टायर आतून भराभर झिजवतो तो बिघडलेला टो. बहुतेक लहान गाड्यांना कंपनीकडून पुढे फक्त टोच जुळवता येतो आणि मागच्या बीमला काहीच नाही, त्यामुळे अलाइनमेंटवाल्याकडून छापील आकडे मागून घ्या. कामाच्या दिवशी एकदा करा. नवी स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा करा.

हेडलाइटसाठी काम करण्याआधी भिंतीवर प्रकाशाच्या कडेला चिकटपट्टी लावून ठेवा. नंतर त्याच जागी गाडी उभी करून जुळवा. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त खाली गेली असेल तर प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

स्टेपनी जुन्या मापाची ठेवता येते, व्यास जुळत असेल तर. पण तिच्या लोखंडी रिमला लागणारे जुने नट पिशवीत घालून डिकीत ठेवा. आणि एकदा घरासमोर सराव करा. एका चाकाची हवा पूर्ण सोडा आणि गाडीतला जॅक खाली जातोय का बघा. तीस मिलिमीटर खाली आलेली गाडी, त्यात सपाट टायर, अशा वेळी कंपनीचा जॅक पुरता मिटवूनही आत शिरत नाही असं होऊ शकतं. आमच्याकडे तसंच झालं. आता डिकीत एक जाड फळी असते, तिच्यावर चाक चढवायचं आणि मग जॅक लावायचा.

पहिले हजार किलोमीटर

हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना. बारीक भिंतीच्या टायरला दोन-तीन पीएसआय कमी झाली तरी डोळ्यांना दिसत नाही, आणि खड्ड्यात रिम वाकतं ते अशाच दिवशी. गाडी भरून जाणार असाल तर दारावरच्या पट्टीवरचा पूर्ण भाराचा आकडा भरा. टायरचा आकार त्या पट्टीवर नसेल तर टायर कंपनीच्या तक्त्यातून भाराप्रमाणे हवा काढून घ्या.

शंभर, पाचशे आणि हजार किलोमीटरला नट तपासा. पाचशेला पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवा. एका बाजूने फिरवताना गुळगुळीत आणि उलट फिरवताना खरखरीत लागलं तर टो चुकला आहे, आणि हे डोळ्यांना दिसण्याच्या बरंच आधी हाताला कळतं. हजारला पुन्हा केबल टाय लावून भरलेली गाडी घाटातून फिरवून आणा आणि बंप स्टॉपपर्यंत किती जागा उरली ते वहीत लिहा. आमच्या गाडीत गगनबावडा उतरून वैभववाडीत बघितलं तेव्हा पुढे अठरा मिलिमीटर आणि मागे अकरा उरले होते. मागचा आकडा मला कमी वाटला, म्हणून तेव्हापासून जड बॅगा डिकीत न ठेवता मागच्या सीटच्या पायाशी ठेवतो.

जुन्या स्प्रिंगा, शॉकअप आणि चारही लोखंडी रिमं विकू नका. ऑइलचा हात फिरवून, डावी-उजवी खूण करून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. आरटीओच्या तपासणीला, गाडी विकताना, किंवा आईला गुडघ्यांमुळे खाली बसलेल्या गाडीत चढ-उतर जमेनाशी झाली तर तीच परत लागतात.